पोटावरचं इंजेक्शन

पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला पेशंट महिन्याभरात पोटदुखी घेऊन परत आला की कॅज्युअल्टीत त्याचं निदान तो स्ट्रेचरवरून उतरायच्या आधीच झालेलं असतं. आतडी चिकटली, म्हणजे अ‍ॅडहेशन. त्या रात्रीही तेच झालं. आरएमओचा, म्हणजे रात्री हॉस्पिटलात असलेल्या डॉक्टरचा, फोन आला, सर, आपली ती अ‍ॅडहेशनवाली ऊसतोडीची बाई परत आलीय, पोट दुखतंय, ओटीपोटात गाठ लागतेय, पोट रिकामं करायला नाकातून रायल्स ट्यूब टाकून ठेवतो, ओटीला कळवू का. मी म्हणलं अजून कुणाला काही कळवू नको, मी येतो.

मराठवाड्यात जिल्ह्याच्या गावी मी जनरल सर्जन आहे आणि आमच्याकडे आतडी चिकटून अडकलेले पेशंट सतत येतात, त्यात ऊसतोड कामगार बायका खूप. पोट एकदा उघडलं की आतली आतडी चिकटू शकतात, आणि ह्या बायकांची पोटं का उघडली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. ही बाई ३६ वर्षांची. दोन लेकरांनंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, मग अठ्ठाविसाव्या वर्षी पांढरं जातंय आणि कंबर दुखते म्हणून पिशवी काढलेली. कुठल्याशा खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं की ठेवली तर कॅन्सर होईल. तपासणीचा एक कागद तिच्याकडे नाही. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळं पाळीच्या दिवसातसुद्धा मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला कुणी म्हणलं की एकदाच काय ते काढून टाका, तर ती हो म्हणणारच. तिला दोष देणारे डॉक्टर मी ऐकलेत आणि मला ते ऐकवत नाही.

पहिल्यांदा ती आली होती तेव्हा खरोखर आतडीच अडकली होती. हिरव्या उलट्या, पोट फुगून टम्म, वारा सरत नाही. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत पाण्याच्या पातळ्या जिन्यासारख्या दिसत होत्या, सीटीत ओटीपोटात एका जागी फुगलेलं आतडं संपून एकदम बारीक आतडं सुरू होत होतं. अशा वेळी लगेच पोट उघडायचं नसतं, हे नातेवाइकांना पटवणं फार जड जातं. सलाईन, नळीनं पोट रिकामं करणं, आणि त्याच नळीतून गॅस्ट्रोग्राफिन हे पाण्यात विरघळणारं काँट्रास्ट द्यायचं. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलं तर बहुतेक पेशंट ऑपरेशनशिवाय सुटतो. तिचं पोचलं नाही, नाडी वाढली, हात लावला की पोट दुखायला लागलं. मग उघडलं.

बाहेरच्यांना वाटतं की चिकट सोडवणं म्हणजे बोटानं विलग करायचं आणि झालं. तसं करणाऱ्यांच्या हातून आतडं फाटतं. जुन्या टाक्यांच्या खाली आतडं थेट पोटाच्या भिंतीला धरलेलं असू शकतं, म्हणून जिथं आधी कुणी सुरी लावलेली नाही अशा वरच्या भागातून आत जायचं. मग ज्युनिअरनं भिंत वर उचलून धरायची, मी आतडं ओल्या मॉपनं खाली धरायचं, आणि त्या दोघांच्या मध्ये जो पांढरा, कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसणारा पदर ताणला जातो तिथंच मेट्झेनबॉम कात्रीनं कापायचं, ओढायचं नाही, कॉटरी, म्हणजे विजेच्या चटक्यानं कापायचं हत्यार, तर आतड्याजवळ आणायचीच नाही, कारण कॉटरीचा चटका आज दिसत नाही आणि चार-पाच दिवसांनी तिथं भोक पडतं. तिच्या पोटात वरची चरबीची झालर म्हणजे ओमेंटम खाली जाऊन पिशवी काढलेल्या जागेच्या टाक्यांना एका जाड पट्ट्यानं चिकटलं होतं आणि त्या पट्ट्याखालून लहान आतड्याचा हातभर वळसा जाऊन पिळला गेला होता. रंग काळपट जांभळा. पट्टा कापला, कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये आतडं गुंडाळलं, भूलतज्ज्ञांना म्हणलं ऑक्सिजन पूर्ण द्या, आणि घड्याळाकडं बघत थांबलो. हे थांबणं मला सर्जरीतलं सगळ्यात अवघड काम वाटतं. हळूहळू गुलाबी झालं, मेसेंटरीतली, म्हणजे आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पदरातली, रक्तवाहिनी बोटाला उडायला लागली, आतडं स्वतःहून सरकलं. काहीही कापून टाकावं लागलं नाही.

पोट बंद करायच्या आधी ज्युनिअरनं विचारलं, सर, हेपारिन घातलेलं सलाईन सोडू का आत? लिटरमध्ये ५००० युनिट? हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आतडी परत चिकटू नयेत म्हणून घालतात, सिस्टरनी त्याची व्हायल काढूनही ठेवली होती. त्यांची चूक नाही, आमच्याकडे काही जुने सर्जन अजून घालतात, माझे स्वतःचे सर घालायचे, आणि ते माझ्यापेक्षा फार मोठे सर्जन होते. मी नाही म्हणलं. साधं कोमट सलाईन घेतलं, रक्ताचा एकूण एक ठिपका धुऊन काढला. ग्लोव्हज सुरुवातीलाच धुऊन घेतले होते, कारण पावडरचा कण पोटात राहिला की तोच नवीन चिकटीचं कारण होतो. अमेरिकेनं २०१७ पासून पावडरचे ग्लोव्हज बंद केले, आमच्या पुरवठादाराला अजून दरवेळी सांगावं लागतं.

हेपारिनला नाही का म्हणलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

पोटातल्या अस्तराला, पेरिटोनियमला, कुठंही इजा झाली की तिथं चिकट द्राव झिरपतो आणि त्यात फायब्रिन तयार होतं, म्हणजे रक्त गोठताना जो धागा बनतो तोच. पावसात भिजलेली वर्तमानपत्राची पानं वाळताना एकमेकांना धरतात तशी आतडी त्यानं एकमेकांना धरतात. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, शरीर स्वतःच प्लाझमिन बनवून हे धागे दोन-तीन दिवसांत विरघळवतं आणि अस्तर आठवड्याभरात नवीन येतं. पण जिथं रक्तपुरवठा तुटलाय, आतडं सुकलंय, टाका करकचून आवळलाय, तिथं विरघळवायची ताकदच कमी पडते. धागे राहतात, त्यात पेशी शिरतात, कोलॅजन बनतं, आणि मग तो पट्टा कायमचा. आता हेपारिन काय करतं तर रक्त गोठणं रोखणाऱ्या शरीरातल्याच अँटिथ्रॉम्बिनला जोर देऊन फायब्रिन बनणंच अडवतं. कागदावर ह्याच्याइतकं सरळ काही नाही. धागाच बनला नाही तर चिकटेल कसं?

हा विचार जुना आहे. १९१६ मध्ये जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला बाल्टिमोरमध्ये होवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, त्यातूनच पुढं हेपारिन आलं, आणि १९४० मध्ये लेहमन आणि बॉइज ह्या अमेरिकन डॉक्टरांनी ते पोटातल्या चिकटीवर वापरून पाहिलंसुद्धा. प्राण्यांमध्ये आशा वाटावी असे निकाल पुढंही येत राहिले. पण माणसांत नीट तुलना करून बघितलं तेव्हा, १९८८ मध्ये जॅन्सेन यांनी तरुण बायकांच्या ओटीपोटाच्या ऑपरेशनमध्ये हेपारिनच्या पाण्यानं धुऊन पाहिलं तेव्हा, फरक पडला नाही. मला त्याची कारणं अशी वाटतात की हेपारिनचा रक्तातला असर तासा-दीड तासात अर्ध्यावर येतो, पोटात सोडलेलं पाणीसुद्धा दिवसभरात शोषलं जातं, आणि इजा झालेली जागा तर कित्येक दिवस झिरपत असते. आणि डोस वाढवावा तर रक्तस्राव. पोटात साचलेलं रक्त म्हणजे फायब्रिनचा आयता साठा, म्हणजे ज्या गोष्टीसाठी औषध दिलं तीच वाढायची. मी हे ज्युनिअरला टाके घालता घालता सांगितलं आणि तो विषय माझ्यापुरता संपला होता.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून तिला एनोक्सापॅरिन सुरू केलं, ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. हे हेपारिनच्याच कुटुंबातलं, पण ते पायाच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून, ती चालायला लागेपर्यंत. आणि हे इंजेक्शन देतात कुठं, तर पोटावर, चामडीखाली. चिमटीत कातडी धरायची, बेंबीपासून लांब, बाजूला, बारीक सुई, आणि नंतर चोळायचं नाही. वॉर्डात दिवसातून कितीतरी जणांना देतात, कुणी त्याकडं बघतही नाही.

तिचा भाऊ बघत होता. तालुक्याच्या गावी मेडिकलवर कामाला आहे, हुशार, चौकस मुलगा, बहिणीची सगळी उस्तवार त्यानंच केली. त्यानं सिस्टरना विचारलं हे कशाचं, सिस्टर घाईत म्हणाल्या रक्त पातळ करायचं. त्यानं मोबाइलवर शोधलं, चिकटू नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधं वापरतात असं काहीतरी त्याला सापडलं, आणि पोटाचं ऑपरेशन, पोटावर इंजेक्शन, रक्त पातळ, चिकटणार नाही, अशी त्यानं सगळी साखळी जोडली. डिस्चार्जच्या दिवशी बाईनं मला विचारलं होतं, डाक्टरसाहेब, आता परत चिकटायचं न्हाई ना? मी म्हणलं ताई, चिकटू शकतं, पट्टा पडू शकतो, कुणीच खात्री देऊ शकत नाही, पोट फुगलं, उलटी झाली, वारा सरला नाही तर त्याच दिवशी या. ती गप्प बसली. भाऊ म्हणाला, पण इंजेक्शन चालू होतं ना सर. मी म्हणलं ते पायाच्या शिरांसाठी, आता बंद. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं त्याला कळलं.

डिस्चार्ज कार्डावर दोन रकाने असतात, एक हॉस्पिटलात दिलेले उपचार, दुसरा घरी घ्यायची औषधं. एनोक्सापॅरिन पहिल्यात होतं, दुसऱ्यात नव्हतं. गावातल्या डॉक्टरनं पहिला रकाना वाचला आणि भावानं आपल्या दुकानातून सिरिंज आणून दिल्या. ४० च्या संपल्या म्हणून ६० च्या, आणि एकदाच्या ऐवजी दोनदा, कारण हंगाम तोंडावर आला होता, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली होती, आणि जास्त दिलं तर आतलं जास्त मोकळं राहील असा हिशोब. बाईचं वजन ४६ किलो. पायात खरोखर गुठळी झालेल्या माणसालासुद्धा किलोला एक मिलिग्रॅम ह्या हिशोबानं देतात, म्हणजे हिला गुठळी असती तरी ६० जास्त झालं असतं.

तर त्या रात्री मी पोचलो तेव्हा ती पांढरीफटक पडलेली होती, नाडी १२४, बीपी ९० वर ६०. पण रायल्समधून काही आलेलं नव्हतं, उलटी नाही, सकाळी संडास झालेली. आतडी अडकलेल्या पेशंटचं चित्र हे नव्हे. डाव्या बाजूला बेंबीच्या खाली नारळाएवढी कडक गाठ, वर कातडी निळी-काळी. मी तिला म्हणलं ताई, हात छातीवर घ्या आणि डोकं जरा उशीवरून उचला. डोकं उचलताना पोटाचे स्नायू ताठ होतात, गाठ आत असेल तर ती त्या स्नायूंमागं लपते आणि दुखणं कमी होतं. हिची गाठ जिथल्या तिथं राहिली आणि दुखणं वाढलं, ती ओरडलीच. आणि गाठ मध्यरेषा ओलांडत नव्हती. म्हणजे आजार आत नाही, भिंतीत आहे. इतकी साधी तपासणी, तिला काही लागत नाही, आणि आजकाल ती कुणी करत नाही, सगळे थेट सीटीच्या रांगेत उभे राहतात. आरएमओला तिथंच हात धरून दाखवलं.

पोटाच्या सरळ स्नायूच्या म्यानात रक्त साठलं होतं, रेक्टस शीथ हिमॅटोमा. सीटीत चांगला १४ सेंटिमीटर लांब. त्या स्नायूला बेंबीच्या खाली काही अंतरावर मागचं म्यान नसतं, त्यामुळं तिथलं रक्त अडत नाही, खाली ओटीपोटाकडं पसरत जातं आणि मूत्राशय दाबतं, म्हणून तिला सारखी लघवीला लागत होती. हिमोग्लोबिन घरी जाताना १०.२ होतं ते ६.१. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं, हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, ती नीट पाणी पीत नव्हती, म्हणजे औषध साठतही गेलं असणार. सुई टाक्याच्या शेजारीच, सरळ उभी मारलेली, बारीक अंगाच्या बाईत ती थेट स्नायूत गेली, आणि नंतर रोज चांगलं रगडून चोळलेलं, दुखू नये म्हणून.

इथं सर्जनचा हात शिवशिवतो, गाठ दिसतेय, उघडून रक्त काढून टाकावं. उघडायचं नसतं. आतला दाब हाच रक्त थांबवत असतो. औषध बंद, रक्ताच्या पिशव्या, दर चार तासांनी पेननं गाठीची कड कातडीवर आखायची आणि ती कड ओलांडली जातेय का ते बघायचं. प्रोटामिन, हेपारिनचा उतारा, काढून ठेवलं होतं, एनोक्सापॅरिनवर ते अर्धवटच चालतं, पण शेवटचा डोस आदल्या रात्रीचा होता म्हणून दिलं नाही. सीटीत रक्त चालू गळताना दिसत नव्हतं, दिसलं असतं तर रक्तवाहिनी आतून बंद करायला मोठ्या शहरात पाठवावं लागलं असतं, आणि त्या नाडीवर ती रस्त्यात किती टिकली असती कोण जाणे. पहाटे नाडी शंभरच्या खाली आली. भाऊ रक्तपेढीतून तिसरी पिशवी घेऊन आला तेव्हा मी त्याला बसवून सगळं सांगितलं. तो रडला. म्हणाला, सर, मी तर चिकटू नये म्हणूनच केलं, मग तुमच्याकडं चिकटू नये म्हणून काय आहे?

मी ह्या प्रश्नात अजून आहे. रागावण्यासारखं मला त्याच्यात काही सापडत नाही. जी साखळी त्यानं जोडली तीच १९४० मध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी जोडली होती, फक्त त्यांच्याकडं प्रयोगशाळा होती आणि ह्याच्याकडं काउंटर. एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली की फायब्रिनचा काय तो खेळ पहिल्या आठवड्यातच होऊन जातो, दोन-तीन आठवड्यांनंतर कितीही रक्त पातळ केलं तरी पट्ट्याला त्याचं काही नाही.

पण आमच्याकडं काय आहे, ह्याचं उत्तर कमी आहे आणि ते लपवू नये. इंग्लंडमध्ये १९९० मध्ये मेन्झीस आणि एलिस यांनी मोजलं तेव्हा आधी पोट उघडलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांच्या पोटात चिकट सापडली. सगळ्यांना त्रास होत नाही, बहुतेकांना कधी कळतही नाही. हायलुरोनेटचा पातळ कागदासारखा पडदा मिळतो, सेप्राफिल्म, तो आतडं आणि टाक्याच्या मध्ये ठेवतात आणि तो काही दिवसांत विरघळतो. २००६ मध्ये त्याची मोठी तुलना छापून आली, आतडी अडकण्याचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, चिकटीमुळं परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण मात्र ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आलं. चांगलंच आहे, पण आमच्या गावात तो मिळत नाही आणि मिळाला तरी ह्या बाईला परवडला नसता. राहिलं काय, तर हळुवार हात, ओलं आतडं, धुतलेले ग्लोव्हज, जमेल तिथं दुर्बिणीनं ऑपरेशन. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ज्या ऑपरेशनची गरज नाही ते न करणं, तो तिच्या बाबतीत आठ वर्षांपूर्वीच हातातून गेला होता. मला ह्याचा जितका राग येतो तितका त्या इंजेक्शनचाही येत नाही.

आता मी आमच्या डिस्चार्ज कार्डाच्या मागं मराठीत हातानं लिहून देतो, कुठली औषधं बंद झाली, कुठल्या लक्षणाला त्याच दिवशी यायचं, आतडं कुठं चिकटलं होतं आणि काय केलं. ही माणसं हंगामात कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात असतात, तिथल्या डॉक्टरला काहीतरी वाचायला मिळालं पाहिजे. मॅनेजमेंटला छापील नमुन्यात तसा रकाना करा म्हणलंय, अजून झालेला नाही.

गाठ कमी व्हायला बरेच आठवडे लागले, त्या हंगामाला ती गेली नाही, उचल तशीच अंगावर राहिली. ती घरी गेल्यावर मी त्या गावातल्या डॉक्टरला फोन केला. भांडायला नाही, त्याच्याकडं तीसेक खेडी येतात आणि रात्री दोन वाजता दार उघडणारा तो एकटाच आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, सर, ते रक्ताचं झालं ते वाईटच झालं, पण एक बघा, तेवढे दिवस इंजेक्शन चालू होतं तर तिचं पोट एकदाही फुगलं नाही. मी म्हणलं ते इंजेक्शनशिवायही फुगलं नसतं, इतक्या लवकर फुगत नाही बहुतेकांचं. तो जरा थांबला आणि म्हणाला, मग सर, ४० च एकदा, असं दिलं तर चालेल का पुढच्या पेशंटला? मी नाही म्हणालो, आणि का नाही ते परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.